अक्का समुद्रात, मी होडीत

माझं माकणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की लोक माझ्याकडं आणतात, मी त्यांत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतो. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण पुण्याच्या दवाखान्यात रुग्णांचं सगळं बघणाऱ्या मॅडम आहेत, त्या म्हणाल्या, "बालाजी, डायलिसिसवर नवीन आलेल्या माणसांसाठी तुम्ही लिहा. धीर येईल त्यांना." मी हो म्हणालो, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. धीर किती येईल ते माहीत नाही. मी दमलेला माणूस आहे आणि दमलेल्या माणसाकडून जेवढं खरं सांगता येतं तेवढं सांगतो.

कळलं तो दिवस

पाय सुजायचे. दिवसभर दुकानात उभं राहून सुजत असतील असं वाटायचं. मग सकाळी उलट्या सुरू झाल्या. तोंडाला सतत तांब्याची तार चघळल्यासारखी चव. मी म्हणालो, तारेतच काम करतोय, दुसरी कसली चव येणार? माझी बायको मंगल मात्र ऐकेना. तिनं मला लोहाऱ्याला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एका हातावर बीपी घेतलं, मग दुसऱ्या हातावर घेतलं, आणि बोलायचे थांबले. चिठ्ठी लिहून सोलापूरला पाठवलं.

सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "दोन्ही किडन्या आकसल्यात."

मी विचारलं, "औषध किती दिवस घ्यावं लागंल?"

"औषधानं त्या परत यायच्या नाहीत," ते म्हणाले.

मंगल तेव्हा बाहेर नंबर लावायला गेली होती. मी बाहेर आलो, तिच्यासोबत चहा प्यालो आणि काहीच बोललो नाही. स्टँडवर गाडीची वाट बघताना सांगितलं, "आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवावं लागणार."

ती रडली नाही. "कुठं?" एवढंच म्हणाली.

"इथंच. सोलापूरला."

गाडी आली ती भरलेली. मंगलनं एका माणसाला माझ्यासाठी जागा मागितली, "पेशंट हाय ओ." तो लगेच उठला. मी बसलो. डॉक्टर बोलले तेव्हा एवढं लागलं नव्हतं, जेवढं त्या सीटवर बसताना लागलं.

खुर्ची

माकणीहून सोलापूरला आठवड्यातून तीनदा जाणं-येणं म्हणजे माणूस मशीनच्या आधी रस्त्यानंच मरायचा. माझी मोठी बहीण शोभाअक्का तामलवाडीला दिलेली. तिथून सोलापूर जवळ. मी अक्काकडं राहायला गेलो. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, शेती बघतात, चार म्हशी आहेत. दाजी कमी बोलणारे. मी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो तर म्हणाले, "या. तुमची खाट पंख्याखाली टाकलीय."

डायलिसिसचं यंत्र कसं चालतं ते डॉक्टर सांगतील. मी तिथलं बाकीचं सांगतो. चार तास एक हात हलवायचा नाही. हॉलमध्ये एसी असतो आणि रक्त बाहेरून फिरून येतं म्हणून अंगात थंडी भरते, तेव्हा जाड चादर घरून न्या. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी ओळख होते. त्याच्या नातवाचं नाव, त्याच्या जावयाची भांडणं, सगळं कळतं. मग एका दिवशी त्या खुर्चीत दुसराच माणूस असतो. सिस्टरला विचारायचं नसतं. पहिल्यांदा मी विचारलं. नंतर नाही विचारलं.

घरी आलं की रिकाम्या पोत्यासारखं पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी परत मशीन.

आणि तहान. पाणी मोजून. उन्हाळ्यात तामलवाडीत शेतातून येणारी माणसं तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायची, ते मी बघत बसायचो. मंगल, अक्का, सगळे माझ्यासमोर पाणी प्यायचे बंद झाले. स्वयंपाकघरात जाऊन चोरासारखे प्यायचे. अक्का मला वाटीत बर्फाचा खडा द्यायची. भाजी उकडून पाणी काढून टाकायची, मीठ नावाला. दोन स्वयंपाक कुठं करत बसायचे म्हणून सगळ्या घरालाच तसलं जेवण. दाजी मुकाट्यानं जेवायचे. बऱ्याच दिवसांनी अक्काला गोठ्यात वैरणीच्या मागं मिठाची पुडी सापडली. दाजी भाकरी घेऊन गोठ्यात का जातात ते तेव्हा कळलं. त्या दिवशी घरात सगळे हसले. मीही हसलो. आजारपणात असे दिवस येतात, ते सोडू नका.

इकडं दुकान बंद. लोकांच्या मोटारी तशाच पडलेल्या. मंगल माकणी आणि तामलवाडी अशी दोन्हीकडं पळायची. आमची भांडणं व्हायला लागली, तीही फालतू कारणावरून. एकदा चादर आणायची राहिली म्हणून मी तिला हॉलमध्ये सगळ्यांदेखत बोललो. तिनं स्वतःचा पदर माझ्या पायांवर टाकला आणि चार तास तशीच वाकडी बसून राहिली.

अक्कानं ठरवलं

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलता येईल, घरातलं कुणी देणारं पाहिजे. मंगलनं लगेच हात पुढं केला, पण तिचा रक्तगट जुळेना. आईवडील नाहीत. मी अक्काला विचारलं नाही. विचारणारच नव्हतो. दिलेली बहीण, तिचं घर, तिची लेकरं.

अक्कानं मला न सांगता सिस्टरला सांगून स्वतःचं रक्त तपासून घेतलं. जुळलं. घरी येऊन जेवताना सांगितलं.

दाजींनी ताट सरकवलं. "घरात इचारलंस कुणाला?"

"तुमाला इचारल्याबिगर देत न्हाय," अक्का म्हणाली. "पण न्हाय म्हणायचं आसंल तर त्याच्या तोंडावर म्हणा. त्यो बसलाय इथंच."

दाजी उठून गेले. अक्काची सासू म्हणाली, "बाई अधू व्हईल. मग ह्या घराचं कसं व्हायचं?" त्यांचं काही चुकीचं नव्हतं. मी त्या रात्री पिशवी भरली, सकाळी पहिल्या गाडीनं माकणीला निघालो. स्टँडवर दाजी मोटरसायकल घेऊन आले. "आज मशीनचा वार हाय न्हवं? बसा," म्हणाले. त्यांनी मला सोलापूरला हॉलच्या दारापर्यंत सोडलं.

पुढं तपासण्या झाल्या, कागदपत्रं झाली, ऑपरेशन पुण्याच्या दवाखान्यात ठरलं आणि तिथल्या समितीसमोर बोलावलं. अशी किडनी देताना कुणावर जबरदस्ती नाही ना, हे तिथं विचारतात. साहेबांनी दाजींना विचारलं, "तुमची पत्नी किडनी देतेय. तुमची मनापासून संमती आहे?"

दाजी म्हणाले, "सायेब, लग्नाच्या दुसऱ्या वर्साला आमची कालवड हिरीत पडली. म्या दोर आणायला गेलो. परत येऊन बघतो तर ही लुगड्याचा कासोटा मारून हिरीत, कालवडीचं तोंड पाण्यावर धरून. मला पोहता येत न्हाय. ही माकणीची, धरणाच्या पाण्यात म्हशीचं शेपूट धरून पोहायला शिकलेली. तवा बी मला इचारलं न्हवतं. आता तर इचारलंय. मग न्हाय कसं म्हणू?"

साहेबांनी सही केली.

दिल्यानंतर

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. ऑपरेशननंतर घेणाऱ्याला बरं वाटतं आणि देणाऱ्याला दुखतं. मी आजारी होतो, तो सुधारलो. अक्का धडधाकट होती, ती अंथरुणाला लागली. दुसऱ्या दिवशी ती पोट धरून, भिंतीला धरत धरत माझ्या खोलीच्या काचेपर्यंत आली. माझ्याकडं बघितलंच नाही. खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी बघितली. डायलिसिसवर असताना माझी लघवी जवळपास बंदच झाली होती.

"भरलीय की रं!" तिनं काचेतून ओरडून सांगितलं. सिस्टर रागावली. अक्का रडत होती.

काही दिवसांनी मला पहिल्यांदा ग्लासभर पाणी दिलं. मी प्यालो आणि सिस्टरकडं बघत राहिलो. ती म्हणाली, "आणखी पाहिजे?" मला वाटलं चेष्टा करतेय.

हे सगळं चांगलंच झालं. पण पुढं काय होतं तेही लिहितो. गोळ्या रोज ठरलेल्या वेळेला, जन्मभर. तोंडाला मास्क. दुकानातली धूळ चालत नाही म्हणून एक पोरगा कामाला ठेवून मी काचेआड बसतो. ताप आला की घर हादरतं. शरीर ही किडनी परकी म्हणून नाकारेल, ही भीती रोज उशाशी असते. आणि जो तो सांगतो, "जपून बरं का बालाजी, बहिणीची किडनी हाय." लग्नात भजं उचललं तरी कुणीतरी सांगतं. उपकाराचंही ओझं असतं. अक्कानं ते कधी दाखवलं नाही, पण मला तिच्यावर चिडता येईना झालं. आधी आम्ही भावंडं मनसोक्त भांडायचो.

समुद्र

दवाखान्यात वर्षातून एकदा किडनी देणारे आणि घेणारे यांचा मेळावा असतो. मॅडमनी तिथं सांगितलं की काही पोहणारी मंडळी मालवणकडच्या समुद्रात लांब पल्ल्याचं पोहणार आहेत, एका बेटापासून किनाऱ्यापर्यंत, दहा किलोमीटर. लोक त्यांच्या नावानं देणगी देतात आणि त्यातून गरीब रुग्णांना ऑपरेशननंतरच्या गोळ्या मिळतात. "किडनी दिलेलं कुणी पोहलं तर लोकांची भीती जाईल," मॅडम म्हणाल्या. "पण सहजासहजी जमणारं नाही ते."

अक्कानं हात वर केला. अक्का पंचेचाळिशीची बाई. समुद्र तिनं टीव्हीवर बघितलेला.

मी घरी येताना म्हणालो, "अक्का, आता हे कशाला? दिलीस तेवढं बास न्हाय का?"

"आमच्या गल्लीत बायका माझ्या हातची कळशी काढून घेतात," ती म्हणाली. "शोभाला उचलू देऊ नगा, तिला एकच किडनी हाय. मला अधू करून ठिवलंय समद्यांनी."

डॉक्टरांनी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि पोहायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं. मग ती दर आठवड्याला माकणीला यायची. वर्षभर. धरणाच्या पाण्यात सकाळी उतरायची. पहिले काही महिने पंजाबी ड्रेसवर, मग मॅडमनी पायापर्यंतचा पोहण्याचा पोशाख पाठवला. काठावर गर्दी व्हायची. मी एका मासेमाऱ्याच्या होडीत बसून तिच्यासोबत जायचो, मास्क लावून, डोक्यावर छत्री धरून. लोक मला हसायचे. दहा किलोमीटर ती धरणात दोनदा पोहली. बाहेर आली की हात वर होत नसत, मंगल तिला घास भरवायची.

दाजींनी एकच अट घातली होती. "बालाजी होडीत बसंल. त्यो म्हणला बाहेर ये, की बाहेर यायचं. वाद घालायचा न्हाय."

"त्योच का?" अक्कानं विचारलं.

"तुझ्या जिवाची भीती माझ्यापरीस त्याला जास्त हाय म्हणून."

त्या दिवशी

मालवणला आदल्या दिवशी अक्कानं पाय बुडवून बघितले. पाण्याची चव घेतली आणि थुंकली. "ह्ये कुणाचंच पाणी न्हाय," म्हणाली.

सकाळी बेटावरून सगळे एकदम उतरले. प्रत्येकाबरोबर एक होडी. आमच्या होडीवर ती चालवणारा एक वयस्कर तांडेल आणि मी. दाजी आणि मंगल किनाऱ्यावर थांबले होते. नियम एकच, होडीला हात लागला की पोहणं संपलं. पाणी प्यायचं तर दोरीला बांधलेली बाटली फेकायची.

पहिला निम्मा पल्ला अक्का चांगली पोहली. दर वेळी बाटली घेताना मला विचारायची, "गोळी घेतलीस का?" मी तिला विचारायचं सोडून ती मला विचारत होती. गोळी घेतली होती, पण होडी हलत होती आणि थोड्याच वेळात मी सगळं ओकलो. गोळीसकट. ऑपरेशन झालेल्या माणसाला याची किती धास्ती वाटते ते तोच जाणतो. मी डॉक्टरांना फोन लावला, रेंज येईना. मी सोबत जादा आणलेली गोळी तिथंच घेतली आणि तोंड घट्ट मिटून बसलो. अक्काला सांगितलं नाही.

मग वारा बदलला. किनारा दिसत होता. झाडं वेगळी ओळखू येत होती. पण बराच वेळ झाला तरी तीच झाडं तिथंच. तांडेल म्हणाला, "पाण्याची ओढ फिरली. ह्या पोहतायत, पण पुढं जात नाहीत."

"थोड्या वेळानं कमी व्हईल का?"

"आता वाढत जाणार."

मी अक्काला ओरडून सांगितलं. तिनं मान हलवली आणि हात आणखी जोरात मारायला लागली. तिचे ओठ निळे पडले होते. दंडावर जेलीफिशच्या डंखाचे लाल पट्टे उठले होते, ते तिनं सांगितलंही नव्हतं. आता हात पाण्यातून पुरता वर येत नव्हता.

मी तिला बाहेर काढलं तर गावात काय बोललं जाईल, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. नाही काढलं तर काय होईल, याचा मी विचार करू शकत नव्हतो. माझ्या पोटात तिची किडनी होती आणि मी तिच्याकडून आणखी एक गोष्ट काढून घेणार होतो.

"अक्का, बास! बाहेर ये!"

"न्हाय!"

"दाजींनी सांगितलंय. म्या सांगायलोय. बाहेर ये!"

ती पाण्यात थांबली. माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी तिचा चेंडू विहिरीत टाकला होता तेव्हासुद्धा तिनं इतक्या रागानं बघितलं नव्हतं. मग ती दोन हात मारून आली आणि तिनं होडीला हात लावला.

तांडेलानं आणि मी तिला वर घेतलं. मी तिच्या अंगावर चादर टाकली. किनाऱ्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मीही तोंड मिटूनच होतो, परत ओकायचं नव्हतं म्हणून.

लोक काय म्हणाले

तेच म्हणाले. तामलवाडीत शेजारची एक बाई भेटायला आली आणि हळहळत म्हणाली, "एकाच किडनीवर किती म्हणून तानायचं? शरीर आपलं आपण वळखावं की."

अक्का खाली बघत बसली होती. दाजी दारात चप्पल घालत होते. दाजींना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"त्या दिवशी समुद्रातनं आठ जणांस्नी बाहेर काढलं," ते म्हणाले. "सात जण दोन दोन किडन्यांचे व्हते. तरणीताठी पोरं. त्यांच्या घरी गेल्ता का हळहळायला?"

बाई उठून गेली. अक्का म्हणाली, "आवो, शेजार हाय आपला."

"आसू दे," दाजी म्हणाले.

पण अक्का त्यानंतर बरेच दिवस गप्प होती. माझ्याशी फोनवर बोलायची ते गोळीपुरतं. देणगी जमली होती, मॅडमचा फोन आला होता, पोहणं पूर्ण झालं नाही म्हणून कुणी मदत मागं घेतली नव्हती. त्यानं अक्काचं समाधान झालं नाही. मला वाटलं होतं, होईल.

कळंबहून आलेली बाई

मग एका दुपारी कळंबची एक बाई नवऱ्याला घेऊन अक्काकडं आली. धान्याच्या अडतीवर कामाला असलेला माणूस, अंगानं सुकलेला, हातावर डायलिसिसच्या सुया टोचून आलेल्या गाठी. मी त्या दिवशी तिथंच होतो. बाईला नवऱ्याला किडनी द्यायची होती आणि घरचे नको म्हणत होते. तिनं पेपरात अक्काच्या पोहण्याची बातमी वाचली होती.

तिनं सरळ विचारलं, "ताई, खरं सांगा. दिल्यावर बाईमाणसाचं काय ऱ्हातं?"

मला वाटलं, अक्का आता धीराचं काहीतरी बोलेल. अक्का म्हणाली, "दुखतं. महिनाभर हसाय येत न्हाय, खोकाय येत न्हाय. टाक्यापाशी अजून बधिर हाय. वर्षाला तपासणी करावी लागती. म्या चार म्हशींची धार काढते, पाणी आणते. धा किलोमीटर समुद्रात पोहायला गेल्ते, ते झालं न्हाय. आठ-साडेआठ झालं."

"साडेआठ?" कळंबची बाई म्हणाली.

"व्हय. पुढं न्हाय झालं."

"अवो ताई, आमच्यात कुणी कमरेएवढ्या पाण्यात बी जात न्हाय." ती नवऱ्याकडं वळली. "ऐकलं का? साडेआठ किलोमीटर. आता म्हणा मला नगं म्हणून."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्यानं मला विचारलं, "तुमाला कसं वाटतं, बहिणीचं घेऊन?"

मी म्हणालो, "जड वाटतं. पण पाणी पितो मी पोटभर."

तो बराच वेळ मान हलवत राहिला.

ते गेल्यावर अक्का भरदिवसा खाटेवर आडवी झाली. दिवसाउजेडी अक्काला आडवं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं, ऑपरेशननंतरचे दिवस सोडले तर. तिनं डोळ्यांवर हात घेतला.

"लई दमले रं बालू," ती म्हणाली. "समुद्रानं न्हाय. ह्या समद्यानंच."

"म्या बी," मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे मी तिच्यासमोर पहिल्यांदा बोललो. "लई दमलोय अक्का. आणि त्या दिवशी तुला बाहेर काढलं, ते परत काढावं लागलं तरी काढीन. रागाव पायजे तितकी."

"रागावलेच हाय," ती म्हणाली. "अजून चार दिस रागावणार हाय."

"रागाव."

मग ती झोपली. तोंड उघडं टाकून, घोरत. धारेची वेळ झाली, म्हशी ओरडायला लागल्या. दाजी बादली घेऊन आत आले, खाटेकडं बघितलं, मला खुणेनं दार पुढं ओढायला सांगितलं आणि एकटेच गोठ्याकडं गेले.